डाव्या टाचेखालचं चामडं

माझी बायको ऑर्गन वाजवायची. ऑर्गन म्हटलं की बहुतेकांना पायाने भाता मारत वाजवायचं ते लहान कपाटासारखं वाद्य आठवतं. ते नव्हे. तिचा ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, वरच्या गॅलरीत, पार छतापर्यंत उभा आहे. त्यात बोटाएवढ्या नळ्या आहेत आणि माझ्या दुप्पट उंचीच्याही आहेत. विजेवरच्या पंख्याचा वारा चामड्याच्या मोठमोठ्या भात्यांमध्ये साठतो आणि तिथून नळ्यांत जातो. वाजवणारा हातांनी तर वाजवतोच, पण पायांनीही वाजवतो. बाकाखाली लाकडाच्या लांब पट्ट्या असतात. सगळ्यात खालचे, पोटात घुमणारे सूर त्या पायपट्ट्यांवर. खाली बघायची सोय नाही. चवड्याने आणि टाचेने अंदाज घेत जायचं.

मी जोडे शिवतो. आमचं लग्न त्या पायपट्ट्यांमुळे झालं.

ती पहिल्यांदा दुकानात आली आणि मापाच्या स्टुलावर बसली. स्टूल डुगडुगलं.

“जोड्यांच्या दुकानात स्टूलच लंगडं?”

“गिऱ्हाइकाने फार वेळ बसू नये म्हणून तसं ठेवलंय.”

“मग लवकर माप घ्या. मला असा जोडा हवाय की घातलाय हे पायाला कळताच कामा नये. तळ पातळ, इतका की खालची पट्टी समजली पाहिजे. कड जराही बाहेर नको, शेजारच्या पट्टीला लागते. टाच मात्र पक्की.”

“पायाला कळायला नको, तर अनवाणीच वाजवा की.”

“अनवाणी पायाची टाच पोचत नाही हो तिथपर्यंत. तुम्ही जोडे शिवता की वाद घालता?”

“दोन्ही. वादाचे वेगळे पैसे घेत नाही.”

ती हसली नाही. पण उठूनही गेली नाही.

माप घेताना मला दिसलं, तिचा डावा पाय किंचित आखूड होता. लहानपणी भिंतीवरून पडून हाड मोडलं होतं, ते बसलं तसं बसलं. चालताना कुणाच्या लक्षात येत नसे. मी काही विचारलं नाही. डावी टाच बांधताना आत चामड्याचा एक जादा पदर घातला, पातळसा, आणि वरून कड घासून दोन्ही टाचा एकसारख्या दिसतील असं केलं.

पुढच्या आठवड्यात ती दारातूनच बोलत आली. “तुमचा जोडा माझ्यापेक्षा जोरात वाजतो. सगळं चर्च शांत, मी एकच सूर धरलेला, आणि खालून कुई. पुढच्या बाकावरच्या बाई मांजर शोधायला वाकल्या.”

“चामडं नवं आहे. बोलतं थोडं.”

“ते बोलतं, आणि लोकांना वाटतं मी बोलतेय. गप्प करा त्याला.”

मी जोडा हातात घेतला. तेव्हा ती जरा हळू आवाजात म्हणाली, “डाव्या टाचेत काय केलंयत?”

“काही नाही. का, त्रास होतो?”

“नाही. डावा पाय आज पहिल्यांदाच उजव्याबरोबर पोचला.”

कुईकुई बंद केली. खरंच बंद झाली का ते ऐकायला म्हणून मी त्या रविवारी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. आजही फार कळतं असं नाही. पण तिने पायाने सगळ्यात खालचा सूर धरला तेव्हा माझ्याखालचा बाक थरथरायला लागला. कानांनी नाही, मी तो बसल्या जागी ऐकला. प्रार्थना संपली. लोक उठले, बोलत बोलत बाहेर पडायला लागले. आणि ती वाजवतच होती. नुसती वाजवत नव्हती, आता कुठे तिला रंग चढला होता. कुणी लक्ष देत नव्हतं. मला ते बघवेना. मी बसून राहिलो. शेवटचा सूर थांबला तेव्हा चर्चमध्ये मी एकटाच उरलो होतो.

वरून कठड्यावरून तिचं डोकं दिसलं. “कोण आहे?”

“जोडेवाला.”

“अजून का बसलायत?”

“तुमचं संपलं नव्हतं.”

मग तिने सांगितलं की ही शेवटची रचना लोक बाहेर पडतानाच वाजवायची असते. कुणी थांबून ऐकत नाही, तशी रीतच नाही. “निघालेल्या माणसाला सोबत म्हणून असते ती,” ती म्हणाली. “पण तुम्ही थांबलात ते बरं झालं. आज मी चुकले नाही, आणि एरवी त्याला साक्षीदार नसता.”

लग्नाचंही तिनेच काढलं. म्हणाली, “जोडे झिजत राहणार, मी तक्रारी करत राहणार. दर वेळी एवढं चालत येण्यापेक्षा कारागीर घरातच असलेला बरा.” त्यानंतर ती मला कायम ‘कारागीर’च म्हणाली. भांडणात ‘अहो कारागीर’, एरवी नुसतंच ‘कारागीर’.

तिची कारकीर्द मोठी होती की लहान, मला ठरवता येत नाही. ती ज्यांच्या हाताखाली वाजवायची ते चर्चमधले थोरले वादक निवृत्त झाले तेव्हा समितीत कुजबुज झाली. बाईमाणूस, त्यातून उंची बेताची, पाय पट्ट्यांपर्यंत पोचतील का? तिने ते ऐकलं आणि निवडीच्या दिवशी नुसत्या पायांनी वाजवायची रचना आधी घेतली. हात मांडीवर ठेवून. मग विचारलं, “आता हातांनी वाजवू, की पोचलं?” जागा तिला मिळाली आणि ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

लग्नं, अंत्यविधी, रविवार, हे तर होतंच. वर्षातून काही वेळा बाहेरगावी कार्यक्रम असत. मी दुकान बंद करून सोबत जायचो, जोड्यांची कापडी पिशवी सांभाळायचो आणि तिच्या बाजूला उभा राहून पानं उलटायचो. मला ते कागद वाचता येत नसत. ती हनुवटी जराशी हलवायची, मी पान उलटायचो. एकदा तिला शिंक येणार होती, हनुवटी हलली, मी पान उलटलं. पुढची अख्खी ओळ तिने मनाने वाजवली. बाहेर आल्यावर एक जाणकार गृहस्थ खास थांबून म्हणाले, “तो मधला भाग काय सुंदर घेतलात हो!” ती म्हणाली, “त्याचं श्रेय यांना.” ते गृहस्थ माझ्याशीही हात मिळवून गेले.

प्रत्येक गावचा ऑर्गन वेगळा. एकाच्या पायपट्ट्या सरळ, दुसऱ्याच्या पंख्यासारख्या पसरलेल्या. एका ठिकाणी नळ्यांत चिमण्यांनी घरटं केलेलं. ती आधी जाऊन तासभर नुसती ओळख करून घ्यायची. म्हणायची, “परक्या घरी गेल्यावर चुलीपाशी कसं एकदम हात घालत नाही आपण, तसं आहे.” रेडिओवर तिचं वादन दोनचारदा झालं. एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर तिचा फोटो पाठमोरा होता. ती म्हणाली, लोक मला याच बाजूने ओळखतात, बरोबर आहे.

जोड्यांबद्दलची तक्रार मात्र कधी थांबली नाही. नवा जोडा झाला की महिनाभर ऐकायचं. इथे चावतो, तिथे सैल, बंद फार लांब, बंद फार आखूड. मी कधी वैतागलो तर म्हणायची, “गिऱ्हाईक गप्प बसलं की समजा, दुसरं दुकान शोधतंय.” मी दुरुस्त करायचो, ती घालायची, पुन्हा काहीतरी निघायचं. असं करत करत एक दिवस ती काहीच बोलायची नाही, आणि तेव्हा कळायचं की जोडा पायाला बसला. सगळ्या जोड्यांत डाव्या टाचेखाली तो पदर असे. त्याबद्दल तिने पहिल्या दिवसानंतर कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. तो आमच्या दोघांना ठाऊक होता.

आम्हाला मूल झालं नाही. पण शेवटच्या काही वर्षांत खार आली. दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारायचं काम करणारी ही मुलगी संध्याकाळी शिकायला यायची. बाकावर इकडून तिकडे अशी सुर्रकन सरकायची की बायकोने तिचं नाव खार ठेवलं. ती बायकोला बाई म्हणायची आणि मला काका. स्वभावाने भिडस्त. बायको तिला म्हणायची, “पायपट्टीवर पाय असा ठेवतेस जशी तिची परवानगीच घेतेयस. दाब की! ती काय चावतेय?”

बायकोला आजारपण आलं तेव्हा रविवारी खार वाजवायला लागली. इस्पितळात बायको एकदाच चर्चबद्दल बोलली. म्हणाली, “वाद्य बंद पडू देऊ नका. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला चामड्याचं कळतं.” मला कळतं. त्या भात्यांना मी किती वेळा ठिगळं लावली आहेत. वापरातलं चामडं मऊ राहतं, बंद ठेवलेलं तडकतं. ऑर्गनला कुलूप लागलं की दोनचार वर्षांत आतलं सगळं वाळणार, आणि मग कुणी उघडायला आलं तरी उपयोग नाही.

ती गेली. अंत्यविधीला खारच वाजवत होती. शेवटची रचना सुरू झाली, लोक उठले, आणि त्या दिवशी मलाही उठावं लागलं, कारण बायकोच्या शवपेटीमागून चालायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते मध्येच सोडून बाहेर पडलो.

त्यानंतर मी चर्चमध्ये गेलो नाही आणि शिवायची आरीही हातात धरली नाही. दुकान उघडायचो, बसायचो, बंद करायचो. जोडे घेऊन येणाऱ्याला म्हणायचो, पुढच्या आठवड्यात बघू.

मग खार आली. दारातच उभी. बायकोची धाकटी बहीण तेव्हा माझा डबा घेऊन आलेली होती. ती निवृत्त परिचारिका आहे आणि अजून सगळ्यांना रुग्णच समजते.

“काका,” खार म्हणाली, “समितीने मला पुढच्या शनिवारी सकाळी ऐकायचं ठरवलंय. आवडलं तर बाईंच्या जागेवर घेणार. नाहीतर ऑर्गनला कुलूप लावणार आणि लाउडस्पीकरवर गाणी लावणार. अध्यक्षांचं तेच मत आहे. भात्यांची डागडुजी नको, माणूस नको, कटकट नको म्हणतात.”

“तू छानच वाजवतेस.”

“माझा जोडा फाटला. तळ सुटून लोंबतोय.” तिने पिशवीतून बाजारात तयार मिळतो तसा, नाचासाठीचा एक जोडा काढला. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. “मला मागायला लाज वाटते, पण...”

“अगं, मी काम बंद केलंय.”

मेव्हणी डब्याचं झाकण ठेवता ठेवता म्हणाली, “का हो भाऊजी? माझी बहीण जाताना तुमचे हात घेऊन गेली का?”

“तसं नाही.”

“मग कसं? तीस वर्षं रुग्णांना हेच सांगितलं मी, झोपून राहिलात तर पाय विसरतील चालायला. घ्या माप. मी बसते इथे, तुम्ही माप घेईपर्यंत डबा उघडू देणार नाही.”

मला भूक लागली होती. मी माप घेतलं.

खारचे पाय सरळ, दोन्ही सारखे, बायकोच्या पायांपेक्षा अरुंद. तिच्या मापाचं कलबूत, म्हणजे पायाचा लाकडी साचा शोधला, घासून घेतला. मऊ चामडं बायकोच्या पुढच्या जोड्यासाठी म्हणून आणून ठेवलेलं होतं. ते मी उलगडलं आणि कापायला बसलो. पहिल्या दिवशी दोरा दोनदा तुटला. दुसऱ्या दिवशी आरी आपोआप चालायला लागली. बरं वाटलं. खरं सांगतो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला दुपारची झोप नको वाटली. हात त्यांचं त्यांचं काम करत होते आणि मी तिच्याबद्दल विचार करत होतो, रडू न येता. जोडा देखणा झाला. खारने घालून बघितला, दोन पावलं टाकली, जरा थबकली.

“कसा आहे?”

“छान आहे काका,” ती म्हणाली. “अगदी बाईंच्यासारखा.”

त्यानंतर तिची काहीच तक्रार आली नाही. मी खूश होतो. मनात म्हटलं, बायको असती तर सांगितलं असतं, बघ, काही गिऱ्हाइकं पहिल्याच दिवशी समाधानी असतात.

शुक्रवारी दुपारी मेव्हणी म्हणाली, “पोरगी चर्चमध्ये तालीम करतेय. चला ऐकायला.”

“उद्या ऐकेन.”

“उद्या ती परीक्षा देणार आहे. आज गेलात तर तिला धीर येईल. उठा, औषध समजा.”

मी गेलो. मागच्या बाकावर, माझ्या जागेवर बसलो. वरून वादन चालू होतं. हात चांगले चालत होते, ते मलाही कळत होतं. पण पायांत काहीतरी बिघडलं होतं. डावा पाय खाली उतरला की एकाऐवजी दोन सूर लागायचे. खालचे ते सूर एकमेकांना चिकटले की नुसता चिखल होतो. ती थांबायची, पुन्हा त्याच जागेवरून सुरू करायची, पुन्हा चिखल.

“हे असंच असतं का?” मेव्हणीने कानात विचारलं.

“नाही.”

“घाबरलीय वाटतं.”

मलाही तेच वाटलं. म्हणून धीर द्यायला गॅलरीचा जिना चढलो. खारची माझ्याकडे पाठ होती. मी आल्याचं तिला कळलं नाही. मी तिचे पाय बघत राहिलो. उजवा पाय पाण्यासारखा जात होता. डाव्याचा गुडघा मात्र वर आलेला, आणि टाच वेळेआधीच पट्टीला टेकत होती. टेकून शेजारच्या पट्टीवर घसरत होती. ती कमरेतून वाकडी होऊन ते सावरायला बघत होती.

मी पुढे झालो.

“तो डावा जोडा काढ,” मी म्हटलं.

ती दचकली. “काका! तुम्ही कधी आलात?”

“काढ आधी.”

मी जोडा हातात घेतला आणि टाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. बाहेरून काही दिसत नाही, दिसणार नाही असंच मी ते करतो. पण अंगठ्याला कळलं. आत पदर होता. बायकोचा पदर. खारचे दोन्ही पाय सारखे, आणि मी तिची डावी टाच उंच करून ठेवली होती. कधी केली ते मला आठवतही नव्हतं. हातांनी परस्पर केलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ऑर्गनचा जोडा दुसऱ्या कुणासाठी बांधलाच नव्हता.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

तिने मोजा वर ओढला.

“खार, डावी टाच उंच आहे हे तुला कधी कळलं?”

“घातला तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंय.” तिचे डोळे भरले होते. “बाईंचा डावा पाय कसा जायचा काका! मी शेजारी बसून बघायचे, माझा कधी तसा जायचा नाही. मला वाटलं, त्यांच्या जोड्यात काहीतरी असणार. आणि आता तुम्ही ते माझ्या जोड्यात घातलंयत. मग मी नको कसं म्हणणार? म्हटलं, माझ्या पायालाच सवय नाही. होईल.”

मी बाकाच्या टोकाला बसलो. जिना चढून मेव्हणी धापा टाकत वर आली होती, तिने सगळं ऐकलं. “म्हणजे तुम्ही चुकून घातलंत, आणि ही पोरगी आदराने लंगडली,” ती म्हणाली. “धन्य आहे दोघांची. आता रडत बसू नका, दवाखान्यात न्या त्या जोड्याला.”

दुकानात आलो. खार त्या डुगडुगत्या स्टुलावर बसली, एका पायात जोडा, एका पायात मोजा. मी टाच उकलायला घेतली. बारीक खिळे काढले, खालचा थर सोडवला, आणि तो पदर दिसला. चांगला कापलेला होता. कडेकडेने रापीने, चामडं सोलायच्या पात्याने, उतरता केलेला, बायकोला मागून टोचू नये म्हणून. आता तो सोडवायचा. रापी लावली आणि हात थांबला.

हा पदर तिच्यासाठी मी पुन्हा कधी घालणार नव्हतो. हा शेवटचा, आणि तोही तिच्या पायाखाली गेला नव्हता.  खार म्हणाली, “काका, राहू द्या. मी यानेच वाजवेन. रात्रभर सराव करते.”

तेव्हा मला जाग आली. ही पोर उद्या चुकेल, माझ्यासमोर चुकेल आणि वर माझे आभार मानेल. आणि त्या भात्यांना कुलूप लागेल. बायकोच्या डाव्या पायाला जे लागत होतं ते मी तिला दिलं होतं. या पोरीला ते लागत नव्हतं. तिचे पाय देवाने सारखे दिलेत.

“तुझ्या बाईंचा डावा पाय आखूड होता,” मी म्हटलं. “त्यासाठी होतं हे. त्यात दुसरं काही नव्हतं.”

“मग त्या तसं कसं वाजवायच्या?”

“ते मला काय माहीत? सराव करून. घरी जमिनीवर लाकडाच्या पट्ट्या मांडून पाय मारायची. मला शेजारच्यांनी दोनदा ठोठावून विचारलंय, तुमच्या घरी लाकडं फोडता का म्हणून.”

ती रडता रडता हसली. मी पदर काढला. टाच पुन्हा बांधली, उजवीशेजारी ठेवून पाहिली, पुन्हा एकदा घासली. तो काढलेला तुकडा हातात राहिला. जपून ठेवावा असं वाटलं, पण बायकोला तसलं साठवणं आवडायचं नाही. मग खार उठली तेव्हा मी स्टूल आडवं केलं, आखूड पायाखाली तो तुकडा लावला आणि दोन खिळे ठोकले. सरळ करून बसून बघितलं. हललं नाही. तिची सगळ्यात जुनी तक्रार निकाली निघाली.

“एक ऐक,” मी खारला जोडा देताना म्हटलं. “यापुढे चावलं तर चावलं म्हणायचं. माझ्याशी भीड धरायची नाही. तुझ्या बाईंनी कधी धरली नाही.”

“हो काका.”

“आता चावतो का?”

“नाही,” ती घाईने म्हणाली. ती खरं बोलतेय की नाही, मला कळेना.

शनिवारी सकाळी समिती पुढच्या बाकांवर बसली, मी आणि मेव्हणी मागे. अध्यक्ष बांधकामाचा व्यवसाय करणारे, हिशेबी पण सरळ गृहस्थ. त्यांनी मान वळवून मला नमस्कार केला. बराच वेळ काही सुरू होईना. मेव्हणी माझी नाडी बघितल्यासारखं मनगट धरून बसली होती. मग खारने सुरुवात केली, नुसत्या पायांनी. बायकोचीच ती रचना. तिने बाईंची गोष्ट ऐकलेली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पायपट्ट्यांवर आधी भीतभीत, आणि मग एका जागी, मला वाटतं डावी टाच पहिल्यांदा नीट बसली त्या जागी, तिने पाय दाबला. परवानगी न घेता. खालचा सूर मोकळा लागला, एकटा, आणि माझ्याखालचा बाक थरथरला. ते बायकोसारखं नव्हतं. बायकोचं वादन ठाम आणि जरासं घाई करणारं असायचं. हिचं चाल शोधत जाणारं होतं. पण पाय स्वतःचे होते. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्या मोठ्या भिंतीएवढ्या वाद्याला आपल्या घरातलं माणूस एवढी वर्षं श्वास देत होतं, आणि ते ऐकायला मला फुकट जागा होती. असं किती जोडेवाल्यांच्या वाट्याला येतं?

अध्यक्षांनी फार ताणलं नाही. समितीतल्या इतरांशी थोडं बोलले आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “भात्यांना ठिगळं तुम्हीच लावत होता ना? पुढेही लावाल का?”

“लावेन.”

“मग कुलूप नको लावायला.”

मेव्हणीने माझं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना झाली, खारने शेवटची रचना सुरू केली, लोक उठले. दारात गप्पा, मुलांना हाका, बाक सरकल्याचे आवाज. कुणी वर बघितलं नाही, बघायची रीतच नाही. मेव्हणीही म्हणाली, “चला की भाऊजी, संपलं.”

“तू हो पुढे. संपलं नाही अजून.”

मी बसून राहिलो. अंत्यविधीच्या दिवशी मध्येच सोडलेलं माझ्या मनात अडकून होतं, ते आता ऐकून पुरं केलं. चर्च रिकामं झालं. झाडणारा माणूस झाडू घेऊन आला आणि मला बघून दुसऱ्या टोकाला गेला. शेवटचा सूर लागला, राहिला, थांबला. त्यानंतर काही क्षण छत अजून वाजतंय असं वाटतं. मी मनात बायकोचे आभार मानले. आजवर मानले नव्हते. घरच्या माणसाचे कोण मानतं?

वर कठड्यावरून खारचं डोकं दिसलं.

“काका, आहात का?”

“आहे.”

ती जरा घुटमळली. मग एका दमात म्हणाली, “उजवा जोडा अंगठ्यापाशी आवळतो हो. आणि त्याचे बंद दर वेळी सुटतात. कसले लावलेत?”

मी इतक्या मोठ्याने हसलो की झाडणाऱ्याने मागे वळून बघितलं.

“उद्या दुकानात ये,” मी ओरडून सांगितलं. “निवांत बस. स्टूल आता हलत नाही.”